पडद्यावरची गोष्ट आणि द्रोणातली पेज

पाहुणा दारी आला म्हणजे त्याच्यापुढे आधी पाणी ठेवावे, मग घरात शिजले असेल ते अन्न वाढावे, आणि हात धुऊन झाल्यावर ओसरीवर बसून त्याची हकीकत ऐकावी, हा आपल्या खेड्यापाड्यांतील जुना शिष्टाचार होय. अन्न आणि हकीकत या दोन गोष्टी आपल्या वाडवडिलांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. ज्याच्या घरचे आपण जेवलो त्याच्या सुखदुःखाची गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही, आणि ज्याची गोष्ट आपण मनापासून ऐकली त्याच्या घरचा घास नाकारण्याचे धैर्य आपल्याला होत नाही.

हाच शिष्टाचार अलीकडे काही शहरांनी चित्रपटगृहात नेला. जर्मनीतील बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २००७ पासून २०१९ पर्यंत एक निराळा विभाग भरत असे. तेथे अन्नाशी संबंध असलेला चित्रपट आधी दाखवीत आणि तो संपल्यावर त्यावरून सुचलेले जेवण नामांकित आचारी प्रेक्षकांना वाढीत. त्याच महोत्सवात २०१३ पासून काही वर्षे जगातील आदिवासी जमातींच्या चित्रपटांनाही स्वतंत्र स्थान होते. कॅनडातील टोरांटो शहरात २००० सालापासून केवळ आदिवासी कलावंतांच्या चित्रपटांचा उत्सव भरतो. आपल्या देशात जमशेदपूर येथे टाटा स्टीलच्या वतीने २०१४ पासून ‘संवाद’ नावाचा आदिवासी मेळावा होत आला आहे. बिरसा मुंडा यांच्या जन्मदिनी, म्हणजे १५ नोव्हेंबरला, त्याचा प्रारंभ होतो. तेथे निरनिराळ्या जमातींचे स्वयंपाकी आपापले पदार्थ रांधतात, आणि आदिवासी जीवनावरील लघुपटांची स्पर्धाही या उपक्रमाशी जोडलेली आहे.

ही सर्व मोठ्या शहरांची उदाहरणे झाली. पण ज्या रानातून ते अन्न येते आणि ज्या पाड्यांतून त्या गोष्टी येतात, तेथेच असा मेळ घातला तर? हा प्रश्न मनात आला तो मध्य प्रदेशातील मलाजखंड या गावाच्या निमित्ताने.

तांब्याचे गाव, कोदोचा मुलूख

मलाजखंड हे बालाघाट जिल्ह्यात, मैकल पर्वतराजीच्या कुशीत वसलेले आहे. आपल्या गोंदियाला लागूनच हा जिल्हा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तोपर्यंत विदर्भ आणि बालाघाट एकाच जुन्या मध्य प्रदेशात नांदत होते आणि नागपूर ही दोघांची राजधानी होती. त्यामुळे या जिल्ह्याच्या दक्षिण भागात मराठी आजही कानावर पडते. मलाजखंडचे नाव देशभर झाले ते तांब्यामुळे. हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची तेथील उघडी खाण १९८२ साली सुरू झाली. डोंगराच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचा एक प्रचंड खड्डा तयार झाला आणि त्याच्या काठी निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांची वसाहत उभी राहिली. देशातील तांब्याचा फार मोठा साठा याच भूमीत आहे.

परंतु खाणीच्या आधी येथे गोंड आणि बैगा राहत होते, आणि आजही आसपासच्या पाड्यांतून तेच राहतात. बैगा जमातीविषयी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. पृथ्वी ही आपली माता, नांगराचा फाळ लावून तिची छाती फाडावयाची नाही, अशी त्यांची जुनी श्रद्धा होती. म्हणून ते रानाचा एक तुकडा तोडून, फांद्या वाळल्यावर जाळून, त्या राखेत कोदो, कुटकी आणि इतर अनेक धान्यांचे मिश्र बियाणे टाकीत. काही वर्षांनी तो तुकडा पुन्हा रानाला परत देत. या शेतीला ते बेवर म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारच्या वनखात्याने बेवर बंद करण्याचा सपाटा लावला. १८९० साली तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात, आताच्या दिंडोरीत, ‘बैगा चक’ नावाचा एक मर्यादित टापू तेवढा त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला. पुढे कान्हाचे रान राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प आला, आणि तेथील अनेक बैगा व गोंड गावे उठली. ज्यांनी भूमीला नांगरही लावला नाही त्यांच्या शेजारी देशातील एक फार मोठी खाण खणली जावी, हा काळाचा खेळ विलक्षण म्हणावा लागेल. त्या खाणीने हजारो कुटुंबांना भाकरी दिली हे खरे. परंतु त्या भाकरीबरोबर जुनी पेज मागे पडली, हेही तितकेच खरे.

पेज : एक शब्द, दोन घरे

पेज हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. कोकणात, वसईत, गोव्याच्या सीमेवर पेज सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्याला, आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला आपण पेज देतो. नवल असे की, शेकडो मैल दूर मैकलच्या रानात बैगा आणि गोंडही आपल्या रोजच्या अन्नाला पेजच म्हणतात. आपली पेज तांदळाची, त्यांची कोदोची, कुटकीची किंवा मक्याची, एवढाच भेद. कोदो म्हणजे कोकणातील जुनी माणसे ज्याला हरीक म्हणत ते धान्य. कुटकी ही आपल्या वरईची जवळची बहीण. टाकळ्याची पावसाळी भाजी आपण करतो, तेही करतात. मोह, चारोळी, टेंभुर्णी, कडुकंद ही नावे दोन्हीकडच्या रानांत सारखीच परिचित आहेत.

असे असता शहरात आणि वसाहतीत या अन्नाला कमीपणा का आला? शाळेच्या डब्यात पांढरा भात नेणारे मूल प्रतिष्ठित आणि कोदोचा काळसर भात नेणारे मूल गावंढळ, अशी एक समजूत हळूहळू रुजत गेली. शिधावाटप दुकानातून तांदूळ आणि गहू मिळू लागले. त्यामुळे उपासमार टळली, हा लाभ थोडा नव्हे. पण जे धान्य खडकाळ उतारावर, कमी पाण्यात पिकते, आणि नीट वाळवून ठेवले तर वर्षानुवर्षे टिकून दुष्काळात उपयोगी पडते, ते धान्य पेरण्याचे कारणच अनेक घरांत उरले नाही. पीक गेले की बियाणे जाते, आणि बियाणे गेले की त्याच्याशी निगडित गाणी, सण आणि शब्दही जातात.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षी दिंडोरी जिल्ह्यातील सिलपिडी गावच्या लहरीबाई या बैगा तरुणीचे नाव देशभर गाजले. गावोगाव फिरून तिने कोदो-कुटकीसारख्या धान्यांचे दीडशेहून अधिक प्रकारचे बियाणे आपल्या झोपडीत जमवले होते. ज्या अन्नाची कालपर्यंत लाज वाटत होती, त्याचेच कौतुक दिल्लीत झाले. मात्र कौतुकाबरोबर एक धोकाही येतो. तेच कोदो शहरातील दुकानात सुंदर पिशवीत भरून चढ्या दराने विकले जाते, आणि पिकविणाऱ्याच्या हाती मात्र जुनाच भाव राहतो. आदिवासी जेवणाचे ताट उपाहारगृहात शोभेचे होते, आणि ते ज्यांच्या घरचे ते दाराबाहेर राहतात.

कॅमेरा कोणाच्या हाती?

अन्नाची जी कथा, तीच चित्रपटाची. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन ही संस्था काढली. पुढे कित्येक वर्षे प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळाच्या आधी तिचे माहितीपट दाखविले जात. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ते आठवत असतील. त्यांत आदिवासींवरचे पटही असत; १९७४ चा, अंदमानातील जमातींवरील ‘मॅन इन सर्च ऑफ मॅन’ हा त्याचा एक प्रसिद्ध मासला. ते पट परिश्रमाने केलेले होते. पण पाहणारा बाहेरचा, बोलणारा बाहेरचा, आणि ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते मूक, अशी त्यांची साधारण रीत होती.

बाहेरून येऊनही घरचे होता येते, याचे एक उदाहरण मात्र याच डोंगरांत आहे, आणि त्यात एका मराठी ख्रिस्ती माणसाचा वाटा आहे. १९३२ साली वेरियर एल्विन हे इंग्रज गृहस्थ आणि त्यांचे सहकारी शामराव हिवाळे मैकलच्या पायथ्याशी करंजिया येथे येऊन राहिले. एल्विन यांचा बैगांवरील मोठा ग्रंथ १९३९ साली निघाला. मैकलच्या लोकगीतांचा संग्रह दोघांनी मिळून १९४४ साली प्रसिद्ध केला, आणि परधान जमातीवर शामरावांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. एल्विन यांनी टिपून ठेवलेल्या मध्य भारतातील लोककथांवर या शतकाच्या आरंभी ‘द टॉलेस्ट स्टोरी काँपिटिशन’ ही हलत्या चित्रांची छोटी मालिका तयार झाली. आदिवासींच्याच चित्रशैलीत ती रंगविलेली असून आदिवासी बोलींतूनही तिचे ध्वनिमुद्रण झाले. आजोबांनी सांगितलेली गोष्ट नातवाला त्याच्याच भाषेत पडद्यावरून परत मिळाली.

पुढचे पाऊल म्हणजे कॅमेराच आदिवासींच्या हाती येणे. झारखंडातील उरांव जमातीचे बिजू टोप्पो यांनी आपले सहकारी मेघनाथ यांच्यासह रांचीच्या ‘अखरा’ संस्थेतून जे पट केले, ते या बाबतीत अग्रगण्य होत. त्यांच्या ‘एक रोपा धान’ आणि ‘लोहा गरम है’ या दोन्ही पटांना २०१० सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. बोलणारे आता स्वतःविषयी स्वतः बोलू लागले.

एका संध्याकाळची योजना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मलाजखंडसारख्या गावी, किंवा आपल्या कोणत्याही गावच्या सभागृहात, आदिवासी लघुपट आणि त्यांना साजेसे अन्न यांचा मेळ घालावयाचा झाल्यास तो कसा घालावा? दिवस म्हणून ९ ऑगस्ट सोयीचा. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली हा जागतिक आदिवासी दिन म्हणून ठरविला. महाराष्ट्रात अलीकडे याच सुमारास कृषी विभागातर्फे रानभाज्यांचे महोत्सव भरतात, कारण पावसाने रान तेव्हा भरभरून देत असते. चार पट आणि चार पदार्थ पुरेत.

आरंभ मुलांपासून करावा. त्यांच्यासाठी लोककथांची ती चित्रमालिका, आणि हातात मोहाचा लाडू. मोहाची वाळलेली फुले निवडून, स्वच्छ करून तव्यावर भाजावीत, भाजलेल्या तिळाबरोबर उखळात कुटावीत आणि लाडू वळावेत. मोहाच्या अंगच्या गोडीने गुळाची गरज फारशी पडत नाही. मोह म्हटले की अनेकांना दारूच आठवते. त्या झाडाचा हा दुसरा, निर्मळ गुण मुलांना लहानपणीच चाखावयास मिळाला तर बरे.

दुसरा पट ‘सीड मदर’, म्हणजे बीजमाता. हा अवघा तीन मिनिटांचा. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहणाऱ्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातील शेतकरी स्त्रीवर अच्युतानंद द्विवेदी यांनी तो केला. कान येथे २०१९ साली त्याला लघुपटांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला. राहीबाई शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी बियाण्यांची पेढी त्यांनी उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या पटानंतर गावठी वालाची उसळ वाढावी, आणि प्रत्येक कुटुंबाला जाताना मूठभर वालाचे बी कागदाच्या पुडीत द्यावे. पट तीन मिनिटांत संपतो. ते बी मात्र परसात पुढच्या वर्षीही उगवेल.

तिसरा पट ‘एक रोपा धान’. भाताचे कोवळे, आठ ते बारा दिवसांचे एकेकच रोप अंतराअंतरावर लावावे, शेतात पाणी सतत तुंबवून न ठेवता आळीपाळीने ओल आणि कोरड राखावी, आणि थोड्या बियाण्यात अधिक पीक घ्यावे, ही पद्धत त्यात दाखविली आहे. ही रीत मूळ मादागास्कर बेटावरची. तेथे फादर हेन्री द लोलानिए या फ्रेंच जेज्वीट धर्मगुरूंनी गरीब शेतकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षे शेतात राबून १९८३ च्या सुमारास ती सिद्ध केली. एका धर्मगुरूने आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर शोधलेली गोष्ट एका उरांव चित्रपटकाराने झारखंडात पडद्यावर आणावी, आणि ती आपण मैकलच्या पायथ्याशी पाहावी, हा योग सुंदर नव्हे काय? याबरोबर हातसडीच्या तांदळाचा भात आणि टाकळ्याची भाजी असावी.

चौथा पट ‘लोहा गरम है’. तो पाहणे सोपे नाही. लोखंडाच्या कारखान्यांचा धूर आणि काजळी शेतांवर, तळ्यांवर आणि माणसांच्या छातीवर कशी बसते, हे त्यात आहे. खाणीच्या गावात तो दाखवावा की नाही, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते दाखवावा, कारण खाणीत काम करणारा आणि खाणीमुळे शेत गमावलेला हे दोघे एकाच सभागृहात शेजारी बसणे, ही या साऱ्या खटाटोपाची खरी किंमत आहे. कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे, तर एकमेकांचे ऐकण्यासाठी. या पटाला पक्वान्न शोभणार नाही. कुटकीची साधी पेज, चिमूटभर मीठ, आणि स्वच्छ पाण्याचा एक पेला, एवढेच द्यावे. पाण्याची चव त्या दिवशी निराळी लागेल.

पन्नास माणसांच्या पेजेसाठी सुमारे ३ किलो कुटकी आणि ३० लिटर पाणी धरावे. कुटकी दोनतीन पाण्यांनी धुवावी, आधण आल्यावर सोडावी, आणि मंद जाळावर दाणा फुलून पाणी दाट होईपर्यंत ढवळीत राहावे. मीठ शेवटी घालावे. पेज कोमट झाली म्हणजे अधिक रुचते.

काही सावधगिरी, काही शिस्त

धान्य घेताना ते नीट वाळलेले आणि बुरशीविरहित असल्याची खात्री करावी. ओल राहिलेल्या कोदोवर विशिष्ट बुरशी चढली तर ते विषारी होते. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर बांधवगडच्या रानात दहा हत्ती दगावले, तेव्हा तपासात असेच बाधलेले कोदो हे कारण पुढे आले होते. कडुकंद चकत्या करून वाहत्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवल्याशिवाय खाण्यायोग्य होत नाही. पावसाळी रान-अळंबी तर जाणत्या बाईने निवडल्याखेरीज भांड्यात पडू नये. ही विद्या पुस्तकातून येत नाही. म्हणून स्वयंपाकाची सूत्रे पाड्यावरच्या वडील स्त्रियांच्याच हाती असावीत, आणि आपण त्यांच्या हाताखाली भाजी निवडावयास बसावे.

त्यांना मोबदला द्यावा, आणि तोही शहरातून आणलेल्या आचाऱ्याला दिला असता त्याहून कमी नव्हे. धान्य दलालाकडून न घेता पिकविणाऱ्याकडून घ्यावे. पट दाखविण्यापूर्वी त्याच्या कर्त्याची परवानगी घ्यावी. कार्यक्रमात कोणाचे छायाचित्र काढावयाचे असेल तर आधी विचारावे. पाहुण्याला विचारल्यावाचून त्याचा चेहरा टिपणे हा शिष्टाचार नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांचे अन्न त्यांची पंगत पहिली. बैगा आणि गोंड कुटुंबांना नाचगाण्यासाठी बोलावून दूर उभे करावयाचे आणि बाकीच्यांनी खुर्च्यांवर बसून पेज चाखावयाची, असा प्रकार होणार असेल तर तो कार्यक्रम न झालेलाच बरा.

पट संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत, थोडा वेळ जाऊ द्यावा. मग एखाद्या वृद्धेला विचारावे, तुमच्या लहानपणी बेवरात काय काय पिकत असे? ती जी नावे सांगेल ती मुलांनी वहीत उतरून घ्यावीत. त्यांतील काही धान्ये अजून कोणाच्या तरी मडक्यात जिवंत असतील. काही केवळ तिच्या तोंडीच उरली असतील. ती वही हाच पुढच्या वर्षीच्या लघुपटाचा आरंभ ठरू शकेल, आणि त्या वेळी कॅमेरा पाड्यावरच्याच एखाद्या मुलीच्या हाती असावा. आज भ्रमणध्वनीवरही तीन मिनिटांचा उत्तम पट होऊ शकतो.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजही एखादी आजी पेजेचे मडके चुलीवर ठेवते आणि सुनानातवंडे तिला हसतात. मलाजखंड दूर असेल, पण ते मडके आपल्या घरातच आहे. या रविवारी तिच्याजवळ बसून तिच्या हातची पेज मागून घ्यावी, आणि तिच्या लहानपणी रानातून व शेतातून घरी काय येत असे, हे तिला विचारावे. तिने सांगितलेले लिहून ठेवावे, आणि तिने दिलेले बी परसात लावावे.